शनिवारचं तेल

"पोरीनं काढलेला फोटू तालमीत लावणार म्हणतासा," रंगातात्या म्हणाले, "मग उद्या हौद्यात भांडी घासायलाबी बोलवा तिला."

बैठकीत हशा पिकला. मी बाहेर उंबऱ्याच्या अलीकडे आबांचा विसरलेला चष्मा हातात घेऊन उभी होते. आमच्या पेठेतल्या पाराच्या तालमीत बाईमाणूस उंबरा ओलांडत नसे. लहानपणापासून मी ती तालीम पाहिली ती एवढ्याच जागेवरून. समोर शेंदूर लावलेला मारुती, बाजूला लाकडी मुदगल, आणि मधोमध तांबड्या मातीचा हौदा. दुधाचा तांब्या द्यायला यायचं, हाक मारायची आणि परत फिरायचं.

आबा उठून उभे राहिले. आबा म्हणजे हिंदुराव चौगुले, माझे वडील. तरुणपणी त्यांनी गावोगावच्या जत्रांत नाव काढलेलं होतं. आता सत्तरी ओलांडली होती, तरी ते उठले की माणसं आपोआप गप्प बसत.

"माझी मालन काढंल," ते म्हणाले. "शिकून आलीय ती. पैला नंबर हाय तिचा."

"पैला नंबर कागदावर," रंगातात्या म्हणाले. "हितं वस्ताद पायजेत. वस्ताद दिसले न्हाईत तर मी त्यो फोटू भिंतीवर चढू द्यायचो न्हाई."

"न्हाई दिसले तर मी तालमीची पायरी चढायचो न्हाई," आबा म्हणाले.

हसणारे आबांकडे बघायला लागले. मीही चष्मा तसाच हातात धरून उभी राहिले. पहाटे उठून तालमीत जायचं, मारुतीला हात जोडायचे आणि काठावर बसून पोरांच्या लढती बघायच्या, हेच आबांचं आयुष्य होतं. जेवण चुकलं तर चालत असे, तालीम चुकलेली चालत नसे. ते सगळं त्यांनी माझ्या ब्रशवर लावून टाकलं होतं, तेही मला एका शब्दानं न विचारता.

प्रकरण असं होतं. तालमीची नवी इमारत उभी राहिली होती आणि नागपंचमीला तिथं तातोबा वस्तादांचं मोठं चित्र लावायचं ठरलं होतं. तातोबा वस्तादांनी ही तालीम घडवली. माझ्या जन्माच्या आधीच ते गेले. त्यांना डोळ्यांनी पाहिलेली आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेली दोनच माणसं आता उरली होती, एक आबा आणि दुसरे रंगातात्या. एकेकाळची ही जोडी, एकाच ताटात जेवणारी. पण वस्तादांच्या माघारी गादीवर कोणी बसायचं यावरून बिनसलं ते बिनसलंच. बैठकीत समोरासमोर आले तरच बोलत, आणि बोलले की असे.

गावातल्या नावाजलेल्या पेंटरनं काम नाकारलं होतं, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. नागपंचमीला जेमतेम तीन आठवडे होते आणि वस्तादांचा फोटो होता एकच. त्यात दहा-बारा पैलवान छाती काढून उभे, आणि वस्ताद कडेला, मागच्या रांगेत, गळ्यापर्यंत शाल गुंडाळून. चेहरा हरभऱ्याएवढा. फेट्याची सावली डोळ्यांवर पडलेली. नाक कुठं संपतं आणि मिशी कुठं सुरू होते तेही कळत नव्हतं.

घरी आल्यावर आईनं आबांना चांगलंच फैलावर घेतलं. "शब्द तुम्ही दिलासा आनि घाम तिनं गाळायचा व्हय?"

"पैलवानाच्या पोटची हाय," आबा म्हणाले आणि ताटावर बसले.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते, आणि खरं सांगायचं तर मला राग आला नव्हता. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आबांनी माझं एकही चित्र कधी नीट थांबून पाहिलेलं नव्हतं, आणि आज भर बैठकीत त्यांनी माझ्या नावावर पैज लावली होती.

मी अॅक्रिलिक रंग घ्यायचं ठरवलं. कॉलेजातले आमचे सर त्यांना प्लास्टिकचे रंग म्हणून नाक मुरडायचे. पण तैलरंग वाळायला आठवडेच्या आठवडे लागतात. अॅक्रिलिक पाण्यात कालवायचा, लावायचा, आणि चहा पिऊन येईपर्यंत तो वाळलेला असतो. शिवाय एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही. हा गुण पुढे आमच्या किती कामी येणार होता, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

सुताराकडून चौकट आणली. माजघरात जमीन सारवून घेतली आणि कॅनव्हास अंथरला. पक्कडीनं ओढून ओढून मी तो चौकटीवर ठोकायला लागले. आधी चारी बाजूंच्या मधोमध, मग कोपऱ्यांकडे. आबा दारात उभे राहून बघत होते. ताणून झाल्यावर त्यांनी बोटानं टिचकी मारली.

"हलगीगत वाजतंय," ते म्हणाले.

"तसंच वाजायला पायजे. सैल पडला तर रंगाला पोक येतं."

त्यावर पांढरा लेप दिला. एक हात आडवा, वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासायचं, मग दुसरा हात उभा, परत घासायचं. आबांना हे फार पटलं. हौद्याची मातीसुद्धा अशीच खणायची, चाळायची, ताक, लिंबू, हळद, कापूर घालून मळायची आणि परत खणायची. तयारीशिवाय कोणी मातीत उतरत नाही. पण पांढऱ्याशुभ्र झालेल्या त्या कॅनव्हासवर मी पातळ तांबूस तपकिरी रंग फडक्यानं चोळायला लागले, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"एवढा पांढरा केलास, आता परत तांबडा कशाला?"

"पांढऱ्यावर कातडीचा रंग मेल्यासारखा दिसतो, आबा. अंगाखाली माती पायजे."

आबांनी कॅनव्हासकडे एकदा पाहिलं आणि ते बाहेर गेले. दुपारी शेजारच्या म्हाताऱ्याला मात्र सांगत होते, "अंगाखाली माती घातलीया पोरीनं." मी आतून ऐकलं.

खडूनं आकृती काढली. वस्ताद हौद्याच्या काठावर बसलेले, डोक्याला फेटा, कमरेला लंगोट, वरून धोतर सोडलेलं, दोन्ही हात मांड्यांवर. चेहऱ्याची तर बोंबच होती. म्हणून फोटोतल्यासारखीच फेट्याची सावली डोळ्यांवर पाडली आणि उजेड अंगावर घेतला. पण अंग तरी कुठून आणायचं? फोटोत शाल होती. मी शिकलेलं सगळं पणाला लावलं. आबांचे तरुणपणीचे फोटो घेतले आणि एक जबरदस्त शरीर उभं केलं. रुंद सरळ खांदे, भरलेली छाती, दोन्ही दंड सारखे. खडू ठेवल्यावर मी स्वतःवरच खूश होते.

मग रंग. आधी सावल्या भरायच्या, काखेतल्या, मानेखालच्या, मांडीच्या कडेच्या. त्यावर मधला रंग, त्यावर उजेड, आणि अगदी शेवटी चमक. अॅक्रिलिकची एक खोड असते. ओला असताना दिसतो त्यापेक्षा तो वाळल्यावर गडद होतो. म्हणून हवा त्यापेक्षा जरा उजळ कालवायचा आणि मनाला सांगायचं की थांब, बसेल तो. थाळीत थोडाथोडाच रंग काढायचा, वर पाणी शिंपडत राहायचं, आणि ब्रश एक क्षणही कोरडा पडू द्यायचा नाही, नाहीतर त्याची काडी होते. हौद्याच्या मातीचा रंग जुळवायला मी आत जाऊ शकत नव्हते. मग आबांच्या धोतराच्या काठाला रोज लागून येणारी माती होती, त्यावरून तो जुळवला.

आबा रोज संध्याकाळी येऊन बघायचे.

"कसं वाटतंय?"

"ब्येस हाय."

"चेहरा?"

"चेहरा हाय की."

"मग काय राहिलंय?"

"काय न्हाई. तू चालू दे."

मी त्यांना ओळखत होते. आवडलेल्या कुस्तीबद्दल आबा ब्येस म्हणत नसत. आवडली की पंचांना न विचारता टोपी उडवत. इथं त्यांची टोपी डोक्यावरच होती. काहीतरी त्यांना खुपत होतं आणि ते मूग गिळून बसले होते.

शनिवारी शाळा सकाळची असते. जायच्या आधी मी दोन्ही खांद्यांवर जरा जाड रंग चढवून गेले होते. दुपारी आले, हातपाय धुतले आणि छातीवर उजेड द्यायला बसले. पहिलाच फटकारा मारला तर रंग पसरेना. मागे सरून त्याचे बारीक बारीक थेंब व्हायला लागले. परत मारला, परत तेच. बोट लावून पाहिलं. बोट बुळबुळीत झालं. वास घेतला तर तिळाचं तेल.

"आई, चित्राला हात कुणी लावला?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आबास्नी विचार. मारुतीचं तेल हातात घेऊनच आले हुते."

आबा परड्यात बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"आबा, हे काय केलासा?"

"शनवार हाय आज," ते म्हणाले, जणू एवढ्यानं सगळं कळायला हवं. "मारुतीला तेल घातलं. उरलेलं घेऊन आलो. त्येंच्या काळात तसंच असायचं. आधी मारुतीला, मग वस्तादांच्या अंगाला. बघितलं तर अंग निव्वळ कोरडं पडलेलं. वस्तादांचं अंग असं कोरडं कंदी नव्हतं मालन. मला बघवंना."

या एका शनिवारपायी माझं चित्र आणि त्यांचा शब्द दोन्ही मातीत जायची वेळ आली होती. तेलावर पाण्याचा रंग धरत नाही, हे मी त्यांना सांगितलं. बरंच सांगितलं, आणि हळू आवाजात सांगितलं नाही. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मला वाईट वाटलं, पण माझं बोलणं काही थांबलं नाही.

मग मी परत आत गेले आणि काय वाचवता येतंय ते बघायला लागले. खाली रंग पक्का होता, तेल वरच्यावर होतं. रिठ्याच्या पाण्यानं धुतलं तर निघण्यासारखं. पण उजव्या खांद्यावर भलतंच झालं होतं. सकाळचा जाड रंग आतून पुरता सुकला नव्हता, आणि तिथं तो खालच्या तांबूस थरापर्यंत खरडून निघाला होता. अंगठ्याएवढा डाग. बाकी सगळ्या अंगावर आबांचा हात हलका फिरला होता, एकसारखा. याच एका जागी त्यांनी दाबलं होतं, गोल गोल, परत परत. आणि ती जागा मी काढलेल्या खांद्याच्या चांगली चार बोटं खाली होती.

मी आबांना हाक मारली.

"हितंच एवढं का दाबलासा?"

ते हात धोतराला पुसू लागले.

"आबा, खांद्याचा उंचवटा हितं वर आहे. तुम्ही खाली का चोळलं?"

"सवय हाताची."

"कशाची सवय?"

"काय न्हाई म्हटलं नव्हं."

त्यांनी तोंड फिरवलं. त्यांच्या रोजच्या 'ब्येस'चं आणि या डागाचं मूळ एकच आहे, हे मला तेव्हा कळलं. मी ब्रश खाली ठेवला.

"नागपंचमीला रंगातात्या समोर उभे राहणार आहेत," मी म्हटलं. "चेहऱ्यावरून ते ओळखणार नाहीत, मलाही ठाऊक आहे आणि तुम्हालाही. अंगात काय चुकलंय ते सांगा, नाहीतर मी हे असंच ठेवते."

आबा पाटावर बसले. तळहाताकडे बघत राहिले.

"अंग चोळणाऱ्याच्या हाताला पैलवानाचं सगळं कळतं," शेवटी ते म्हणाले. "कुठं दुखतंय, कुठं कच्चा हाय. बाहेर कळलं तर समोरचा तिथंच हात घालंल. म्हणून वस्तादांनी मारुतीफुडं उभं करून शपथ घ्यायला लावली. हाताला कळलेलं तोंडात येऊ द्यायचं न्हाई. मी तुझ्या आईला सांगितलं न्हाई, तुला कसं सांगू?"

"आता त्यांच्याशी कोण लढणार आहे?"

"शपथंला तारीख नसती, पोरी."

आणि तुम्हाला म्हणून सांगते, तेवढ्या रागातही मला त्या माणसाचा अभिमान वाटला. पैज हरायची पाळी आली होती, तालीम सुटायची वेळ आली होती, तरी गेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायला ते तयार नव्हते.

"मग सांगू नका," मी म्हटलं. "मला माप घ्यायला समोर कुणीतरी बसायला पायजे. तेवढं बसा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग सदरा काढला, खुंटीला अडकवला आणि खिडकीपाशी लाकडी पेटीवर बसले. आधी आपले नेहमीसारखे, ताठ. मी खडू घेऊन थांबले. हळूहळू त्यांचा उजवा खांदा खाली उतरला. मान किंचित डावीकडे गेली. डावा हात मांडीवर रोवला गेला आणि सगळ्या अंगाचा भार त्यानं उचलला. उजवा हात मांडीवर नव्हताच. तो ओटीत येऊन पडला, तळवा वर, झोपलेल्या लेकराच्या हातासारखा.

समोर माझे वडील नव्हते. दुसरंच कोणीतरी बसलं होतं, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं.

उजेड सरेपर्यंत मी काढत राहिले. आबा हलले नाहीत. त्या खाली पडलेल्या हाताकडे बघता बघता मला आणखी एक गोष्ट उलगडली, पण ती मी आबांना विचारली नाही. एव्हाना नियम मलाही लागू झाला होता.

दुसऱ्या दिवशी रिठ्याच्या पाण्यात मऊ फडकं बुडवून आम्ही दोघांनी ते चित्र धुतलं. आबांनी धुतलं म्हणायला हवं. आंघोळ घालावी तसं. वाळलेला रंग जागचा हलला नाही. प्लास्टिक म्हणून हसणाऱ्या आमच्या सरांची मला तेव्हा फार आठवण झाली. कोरडं झाल्यावर मी सगळीकडे हलका पॉलिश पेपर मारला, म्हणजे नव्या रंगाला धरायला खडबडीतपणा मिळतो, आणि जुन्या सरळ खांद्यांवर पार्श्वभूमीचा रंग फिरवला. एवढ्या कौतुकानं उभं केलेलं ते जबरदस्त शरीर मी स्वतःच्या हातानं पुसलं आणि मला काही वाटलं नाही.

मग परत पहिल्यापासून. सावली, मधला रंग, उजेड. यावेळी हात कुठं अडला नाही. खांदा उतरलेला दाखवायचा, पण त्याची खोट दाखवायची नाही, हे खरं काम होतं. वस्तादांना भिंतीवर लावून उघडं पाडायचं नव्हतं. मी उजेड डाव्या हातावर घेतला, मांडीवर रोवलेल्या, आणि उजव्या बाजूवर पाण्यासारख्या पातळ रंगाचे हात एकावर एक देत गेले, म्हणजे सावली जड न होता खोल होते. परक्यानं पाहिलं तर एक म्हातारा पैलवान निवांत बसलाय एवढंच दिसावं. ज्याच्या हाताला ठाऊक आहे, त्यालाच बाकीचं दिसावं.

शेवटी राहिलं वॉर्निश. अॅक्रिलिक वाळल्यावर मंद पडतो, तो आबांना कोरडा वाटला होता तो त्यामुळेच. मी चकाकीचं वॉर्निश घेतलं आणि फक्त अंगावर लावलं. फेटा, धोतर, माती तशीच मंद ठेवली. खांद्यावर, छातीवर, दंडावर तेल मुरल्यासारखी चमक आली.

"आता दर शनवारी लावायला नको," मी म्हटलं.

आबांनी त्या दिवशी ब्येस म्हटलं नाही. टोपी काढून हातात धरली आणि आत निघून गेले.

नागपंचमीला तालीम माणसांनी भरली होती. मी माझ्या जागेवर, उंबऱ्याच्या बाहेर. चित्र मारुतीच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेलं, वर भगवं कापड. कुस्त्या पुकारणारा गणपा माइक घेऊन उभा होता. अध्यक्षांनी नारळ फोडला, कापड ओढलं, आणि टाळ्या झाल्या. तरुण पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना काय, वस्ताद म्हणून जो दाखवाल तो वस्ताद. जाणती माणसं रंगातात्यांकडे बघत होती.

रंगातात्या काठी टेकत पुढे गेले. डोळे बारीक केले.

"तोंड कुठं हाय ह्येचं?" ते मोठ्यानं म्हणाले. "फेट्याच्या सावलीत दडवून ठेवलंय. जमलं न्हाई म्हणून दडवलंय."

कोणीतरी खोकलं. आबा हौद्याच्या पलीकडे उभे होते. त्यांनी दाराबाहेर काढलेल्या आपल्या वहाणांकडे पाहिलं. तात्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

तात्या आणखी काही बोलायला गेले आणि थांबले. एक पाऊल पुढे झाले. मग काठी दुसऱ्या हातात घेतली, मोकळा हात उचलला आणि अंगठा चित्राच्या उजव्या खांद्यावर ठेवला. बरोबर त्या जागेवर. दाबून हळूच गोल फिरवला.

"हिंदुराव," ते मागे न बघता म्हणाले, "हिला कुणी सांगितलं?"

"मी तोंडातनं शब्द काढला न्हाई," आबा म्हणाले. "मारुतीची शपथ."

तात्या वळले आणि दाराकडे बघू लागले. "ये हिकडं."

मी उंबऱ्याकडे बोट केलं.

"दिसतोय मला उंबरा. ये म्हणतोय."

मी चप्पल काढून आत गेले. पायांना पहिल्यांदा ती फरशी लागली, थंडगार. तात्या माझ्याहून उंच नव्हते, हे मला जवळ गेल्यावर कळलं.

"कसं कळलं तुला?"

मी आबांकडे पाहिलं. आबा मारुतीकडे बघत होते. सांगितलं असतं तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं, शनिवारचं तेल, तो डाग, पेटीवर बसलेले आबा, सगळं. वाहवा झाली असती. मी तोंड उघडलं नाही. फक्त दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. नखांत अजून तांबडा रंग होता.

तात्यांनी त्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी हौद्यापलीकडे विचारलं, "हिंदुराव, शनवारी अंगाला कोण असायचं?"

"मी."

"आनि मंगळवारी?"

आबा दचकले. "तू," ते म्हणाले. आणि मग फार हळू, "तुलाबी ठावं हुतं व्हय रं?"

"मला वाटलं मला एकट्यालाच," तात्या म्हणाले.

दोन म्हातारे एका हौद्याच्या दोन काठांवर उभे होते. एकच गुपित दोघांनी जन्मभर जपलं होतं, एकमेकांपासूनसुद्धा. आबा उगाचच टोपी सारखी करत होते.

आज ते दोघेही नाहीत, म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलं आहे की आता सांगायला हरकत नाही. आमच्या तालमीचे पैलवान ढाक, म्हणजे उचलून आदळायचा डाव, डाव्या बाजूनं मारतात. सगळ्या मुलखात तिचा दरारा आहे. समोरच्यानं सगळी तयारी उजवीची करावी आणि आमच्या पोरानं त्याला डाव्या अंगानं उचलून आदळावं. यामागं वस्तादांची काय युक्ती असेल यावर लोक अजून वाद घालतात. वस्तादांचा उजवा खांदा निखळून बसलेला होता. तो हात छातीच्या वर जात नव्हता. जे त्यांना स्वतःला करता येत होतं, तेच त्यांनी शिकवलं, आणि त्यातून ही तालीम उभी राहिली. पेटीवर बसलेल्या आबांचा तो ओटीत पडलेला हात बघताना मला हे उलगडलं होतं.

रंगातात्या वाकले. त्या वयात त्यांना वाकणं सोपं नव्हतं. हौद्यातली मूठभर माती घेतली आणि नवा पोर तालमीत आला की वस्ताद लावतात तशी माझ्या दोन्ही तळव्यांवर चोळली. आधी डाव्या, मग उजव्या. ताकाचा आणि कापराचा वास आला. लहानपणी आबांच्या धोतराला यायचा तोच.

गणपानं काहीतरी करायला हवं म्हणून माइक तोंडाजवळ धरला. "चित्रकार, कुमारी मालन चौगुले, यांचं तालमीतर्फे..."

"थांब," तात्या म्हणाले. "असं पुकारत्यात व्हय? नीट पुकार. वस्तादाचं नाव घे की आधी."

गणपा गोंधळला. त्यानं अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी आबांकडे. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. शेवटी तात्यांनी गणपाच्या हातातून माइक काढून घेतला आणि मैदानात कुस्ती पुकारतात त्या आवाजात स्वतःच पुकारलं.

"तातोबा वस्तादांचा पठ्ठा. मालन हिंदुराव चौगुले. पाराची तालीम."

हौद्यापलीकडे आबांनी टोपी काढली आणि वर उडवली.